मावळात धाबं नसतं

करंजवाडी, गुंजवण्याशेजारी
ता. २६ जुलै १९३४

ती. सौदामिनीमावशीस,
आनंदाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. डाकवाला वेल्ह्याहून आठवड्यातून एकदा येतो, तोही पावसाच्या मर्जीने, तेव्हा उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. मेतकुटाचा डबा पोहोचला. तो माझ्याआधी चिमाजी पाटलांच्या घरात उघडला गेला, कारण माझं जेवण त्यांच्याकडेच असतं आणि बनाबाई पाटलीण कुठल्याही डब्याला परकं मानत नाहीत. आता अर्धी वाडी मला विचारते आहे, की मास्तरांच्या मावशीकडे पिवळी राख खायची रीत आहे का.

आता कामाचं लिहितो. हे केशवकाकांना वाचून दाखव. त्यांच्या डोळ्यांना आता अक्षर लागत नाही, पण डोक्यातला शब्दकोश शाबूत आहे.

गेल्या आठवड्यात शाळा तपासणारे साहेब घोड्यावरून अचानक आले. बाराचा सुमार होता. शाळेला कुलूप, आणि मी मुलांबरोबर भाताच्या लावणीत, गुडघाभर चिखलात. साहेब कुणाला न भेटता परत गेले. काल कचेरीचा कागद आला. सगळा मराठीत आहे, शेवटचा शेरा तेवढा साहेबांच्या हातचा इंग्रजीत. त्यात लिहिलं आहे, की करंजवाडीचे मास्तर शाळेचं वेळापत्रक 'फ्लाउट' करतात. महिन्याच्या आत लेखी खुलासा द्यायचा आहे. तो पटला नाही तर नाताळाच्या आत मला घरी पाठवतील, कारण मी अजून कायम झालेलो नाही.

मॅट्रिकला मी इंग्रजीत पास झालो होतो, पण हा शब्द मला कधी भेटला नव्हता. साहेबांनी तो खाली रेघ मारून लिहिला आहे, म्हणजे साधा नसावा. ज्या शब्दापायी नोकरी जायची, त्याचा अर्थ तरी कळावा, एवढीच इच्छा आहे.

खरं सांगू का मावशी, मला नोकरी हवी आहे, पण ती इथेच हवी आहे. दोन वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा नऊ मुलं होती. आता एकतीस आहेत, त्यांत अकरा मुली. ठकुबाई नावाच्या म्हातारीची नात आता बाजाराची चिठ्ठी वाचून दाखवते, आणि ठकुबाई ती तिच्याकडून तीनतीनदा वाचून घेते. शाळेची खोली काही फार चांगली नाही. वर नवी मंगलोरी कौलं आहेत, पण खिडकी एकच, त्यामुळे भरदुपारी पाटीवरचं अक्षर दिसत नाही. घड्याळ तर नाहीच. तरी मला ती सोडवत नाही.

काकांना नमस्कार सांग. तुमचा दोघांचा लोभ आजवर न मागता मिळाला, आता मात्र मागतो आहे.

तुझा,
आनंद


भोर
ता. २ ऑगस्ट १९३४

चि. आनंद यास,
सौदामिनीमावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. मेतकुटाला राख म्हणणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि पुढच्या खेपेला ते मऊ भातावर तूप घालून वाढ. मग काय म्हणतात ते कळव.

यांनी तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ऐकून म्हणाले, शब्द चांगला आहे, पण वाईट जागी बसला आहे. मग जाडा कोश काढायला लावला. अर्थ यांना तोंडपाठ होता, पण कोश उघडल्याशिवाय यांना बोलल्यासारखं वाटत नाही. मी वाचलं, यांनी फोड केली, आणि आता मी ती तुला लिहिते आहे.

'ब्रेक' म्हणजे मोडणे. नियम चुकून मोडतो, विसरून मोडतो, नाइलाजानेही मोडतो. कुंपण गुरांनी मोडलं तरी ते मोडलंच म्हणायचं. 'डिसओबे' म्हणजे सांगितलेलं न ऐकणे, ते लहान मूलही करतं. 'फ्लाउट' मात्र कुणाच्या हातून चुकून होत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात. नियम पुरता ठाऊक असताना तो उघडउघड मोडायचा, ही पहिली. आणि मोडताना त्याची काडीचीही पत्रास ठेवायची नाही, ही दुसरी. दोन्हींतली एक जरी नसली तरी तो शब्द लावता येत नाही, असं यांचं मत आहे. फार पूर्वी इंग्रज लोक माणसालाही फ्लाउट करत, म्हणजे त्याची टर उडवत. आता माणूस त्यातून सुटला आणि नियम, हुकूम, कायदा, रूढी एवढीच मंडळी उरली. याच्याच शेजारी 'फ्लॉन्ट' नावाचा एक शब्द राहतो, त्याचा अर्थ मिरवणे. शिकलेली माणसंही या दोघांची अदलाबदल करतात, तू करू नकोस, असं यांनी बजावलं आहे.

मी म्हटलं, एवढं लांबण कशाला लावायचं? आपण म्हणतो ना, नियम धाब्यावर बसवला, तेच हे. हे लगेच म्हणाले, की बरोबर, अगदी बरोबर. पस्तीस वर्षं कचेरीत भाषांतरं केली, पण हा शब्द त्यांना माझ्याकडून मिळाला, याची तू नोंद ठेव.

पण आनंदा, धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, ते तिकडे देशावर. घरात नको असलेली वस्तू त्यावर नेऊन टाकायची आणि विसरून जायची. आपल्या मावळात धाबं कुठलं? बांधलं तरी पावसाच्या पहिल्या आठवड्यात चुलीत उतरेल. तेव्हा मावळातल्या मास्तराने काही धाब्यावर बसवलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मात्र एक विचारते, लपवू नकोस. कुलूप पाहून कुठलाही साहेब रागावेल. पण नुसत्या कुलपासाठी एवढा मोठा शब्द कुणी खर्च करत नाही. दारावर आणखी काय होतं?

उत्तर लगेच दे. जिवाला जप. आमचा लोभ तुझ्यावर आहे, हे कुठल्या कागदावर लिहून द्यायला नको.

तुझी,
मावशी


करंजवाडी
ता. ९ ऑगस्ट १९३४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू कचेरीत असतीस तर माझ्यासारख्यांची धडगत नव्हती. दारावर खरंच आणखी काही होतं. पहिल्यापासून सांगतो.

लावणीच्या पाच आठवड्यांत इथे अकरा ते पाच शाळा भरवली तर वर्गात मी आणि भिंतीवरचा नकाशा एवढेच उरतो. इथली लावणी म्हणजे घरातला चालता प्रत्येक माणूस शेतात. रोपं उपटून ठेवली की ती थांबत नाहीत. पहिल्या वर्षी मी नियमाने अकराला दार उघडून पाचपर्यंत एकटा बसलो. यंदा मुलांच्या घरी जाऊन विचारलं, आणि सकाळी सात ते दहा, संध्याकाळी चार ते सहा अशी शाळा भरवली. मधल्या सुटीचा तास वगळला तर अकरा ते पाचचेही पाचच तास होतात. एक तासही बुडवला नाही. आता सात म्हणजे नक्की किती, ते इथे कुणालाच ठाऊक नाही. राजगडावर महिनाभर ढग बसलेले असतात, सूर्य दिसत नाही. गुरं सुटली की सात आणि परतली की सहा, असं आम्ही धरतो.

हजेरीपटात मी रोज याच वेळा लिहिल्या. दुसऱ्या एका गावचे मास्तर मला म्हणाले, वेडा आहेस, अकरा ते पाच लिही आणि मोकळा हो, सगळे तेच करतात. ते मला जमलं नाही. चोरून मोडला असता तर नुसता मोडल्याचा ठपका आला असता, खरं लिहिलं म्हणून फ्लाउट. काकांच्या दोन गोष्टींतली पहिली माझ्यावर लागू आहे, हे कबूल.

आता दाराचं. इथे घर बंद करून निघताना कडीत काहीतरी खोचून ठेवायची रीत आहे. भाताच्या रोपांची जुडी म्हणजे आम्ही लावणीला गेलो. कारवीचा तुकडा म्हणजे रानात. काहीच नसेल तर शेजारी विचारावं. आलेला पाहुणा कडी बघतो आणि पाय तिकडे वळवतो. त्या दिवशी मी शाळेला कुलूप लावलं आणि मागून येणाऱ्या ठकुबाईने आपणहून कडीत जुडी खोचली. तिच्या मते शाळा हेही एक घरच. साहेबांना वाटलं असणार, की सरकारी कुलपात कुणीतरी गवत कोंबून ठेवलं आहे. मी त्या जागी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

एवढंच असतं तर बरं होतं. पण दाराला पाटीही टांगलेली होती. तीवर मी लिहिलं होतं, की शाळा सकाळी भरली, संध्याकाळी पुन्हा भरेल. आणि खाली आणखी एक ओळ होती. 'घाई असल्यास बांधावर यावे.' ती लिहिताना मला मजा वाटली होती. कुणासाठी लिहिली, असं विचारशील तर अकराला येऊन घड्याळ बघणाऱ्या कुणासाठी तरीच. एवढ्या एका ओळीत दुसरी गोष्टही आली असं मला वाटतं, आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

आता खुलासा कसा लिहायचा ते सुचत नाही. ओरडायचं असेल तर ओरड, पण उत्तर दे. तुमचा लोभ कमी व्हायला आता कारण मिळालं आहे, तरी कमी करू नये.

तुझा,
आनंद


करंजवाडी
श्रावण महिना

आमच्या मास्तरांच्या मावशीबाईंना रखमाजी पलटणवाल्याचा आनि समद्या वाडीचा रामराम.

पत्रास कारन की, म्या पलटणीत लिवाय शिकलो, तवा मास्तर आनि पोरं सोडून वाडीत लिवनारा म्या एकलाच. मास्तरांना न इचारता हे पत्र लिवतोय, रागवू नका. म्या सवता नसरापूरपत्तुर चालत आनि म्होरं मोटारीनं भोरात येऊन ह्ये तुमच्या हातात देनार हाय.

मास्तर जेवत न्हाईत. बनाबाई पाटलीण म्हनत्यात की ताटात भाकरी तशीच ऱ्हाती. आमी इचारलं तर हसून सांगत्यात की काय न्हाई. मंग ठकुबाईच्या नातीनं कागद वाचला आनि समदं कळलं. सायबानं इंग्रजीत काय लिवलंय ते तिला बी वाचता आलं न्हाई. पर मास्तरांचं त्वांड बघून कळलं की लई वंगाळ लिवलंय.

तवा आमी चावडीवर बसून मास्तरांच्या तारिफेचा अर्ज केलाय. त्यो संगं देतोय. तुमच्या मालकांचं कचेरीत वजन हाय असं ऐकतो, त्यांनी त्यो सायबाच्या हातात द्यावा. अर्जात असं लिवलंय की आमचा मास्तर कुनाच्या बापाला भीत न्हाई. सायबाच्या वकताला त्यो भीक घालत न्हाई. सायबाचं घड्याळ सायबाच्या खिशात, आमचं घड्याळ आमच्या खाचरात. असला वाघ मास्तर साऱ्या संस्थानात न्हाई, तरी त्यास कायम करावं.

खाली सव्वीस अंगठे हायती. सत्ताविसावी ठकुबाई. ती म्हनली, म्या अंगठा देनार न्हाई, नाव लिवीन. म्हनलं लिव. तर येत न्हाई. मंग रुसली. तिची जागा मोकळी ठिवली हाय.

चूक भूल पदरात घ्या. मास्तरांवर जशी माया करता तशी थोडी आमच्यावर बी करा.

रखमाजी


भोर
ता. १७ ऑगस्ट १९३४

चि. आनंद यास,
अनेक आशीर्वाद.

रखमाजी ओसरीवर चहा पीत बसला आहे, ही त्याची तिसरी कपबशी. तो परत निघायच्या आत हे लिहून देते. तुला न विचारता तो इथे आला म्हणून त्याला बोलू नकोस. पावसात भिजत एवढ्या लांबून कुणी कुणासाठी येत नाही.

अर्ज मी यांना वाचून दाखवला. हे इतके हसले, की त्या बिचाऱ्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, कोशात दिलेला अर्थ मास्तरांच्या वाडीने सव्वीस अंगठे लावून खरा करून दिला आहे. हा कागद साहेबांच्या हाती गेला तर तुला खुलासा लिहायचे कष्टही पडणार नाहीत. मी रखमाजीला समजावलं, तेव्हा त्याने मला विचारलं, की मंग आमी आमच्या मास्तराची तारीफ बी करायची न्हाई का. मी म्हटलं, करा, पण मास्तर कायम झाल्यावर करा. त्याला ते पटलं. अर्ज फाडवेना म्हणून मी तो माळ्यावर ठेवून आले. बऱ्याच वर्षांनी माळ्यावर गेले. तिथे बसले तर खाली यावंसं वाटेना. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

आता तुझं. ओरडणार आहे, पण थोडंच. यांचं म्हणणं, खुलासा मराठीत लिही. इंग्रजीत लिहिलास तर तू शब्दाशी भांडत बसशील, आणि शब्द साहेबांचा आहे, ते जिंकतील. तास किती भरले ते लिही. हजेरीपटाची नक्कल जोड. कडीतल्या रोपांची रीत सांग, आणि साहेबांना ती माहीत असायचं कारण नव्हतं हेही लिही. वेळा बदलल्याबद्दल माफी मागू नकोस, परवानगी न विचारल्याबद्दल माग. आणि ती घाईची ओळ जशीच्या तशी उतरवून काढ. ही मी लिहिली, लिहायला नको होती, असं म्हण आणि थांब. पुढे कारण देऊ नकोस. चूक एका ओळीची आहे, तर माफीही एकाच ओळीची पुरे.

मला तुझा राग आला का, तर आला. एकतीस मुलांची शाळा एका थट्टेवर टांगून ठेवलीस म्हणून आला. पण खोट्या वेळा लिहायला तुझा हात धजला नाही, हे वाचून मला तुझी आई आठवली. ती आज असती तर तिने दोन्ही गोष्टींसाठी तुझा कान धरला असता, एक पिळायला आणि एक कुरवाळायला.

रखमाजीबरोबर लाडू देते आहे. बनाबाईंना म्हणावं, ही राख नाही. जेवत जा. इथून लोभ पाठवण्यात खंड पडणार नाही.

तुझी,
मावशी


करंजवाडी
ता. २२ नोव्हेंबर १९३४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दिवाळीत भेटलो तेव्हा सांगायला काहीच नव्हतं. खुलाशाला साहेबांचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं, की पोहोचला, प्रत्यक्ष पाहून ठरवू. तेव्हापासून रस्त्यावर घोडं दिसलं की मी दाराशी जाऊन बघत होतो. परवा ते आले. सगळं क्रमाने लिहितो, काकांना सावकाश वाचून दाखव.

सध्या भाताची झोडणी चालू आहे. या खेपेला मी दोन वेळांची परवानगी आधी मागितली होती, उत्तर आलं नव्हतं. ती येईपर्यंत अकरा ते पाचच भरवायची, असं मी ठरवलं आणि तसं सांगितलं. त्या दिवशी अकराला मुलं आलीही, पण अर्धीच. बाकीची खळ्यावर. चिमाजी पाटील म्हणाले, की मास्तर, पोरं हितं येत न्हाईत तर शाळंला तिकडं न्या, हाय काय त्यात. मला ते पटलं. वेळ नियमाची आणि जागा खळ्याची, असं करून मी सगळ्यांना तिकडे नेलं. जाताना पाटीवर नुसतं 'शाळा खळ्यावर भरली आहे' एवढंच लिहिलं. कडीत भाताची ओंबी होती. ती कुणी खोचली ते तुला सांगायला नको.

बाराच्या सुमाराला साहेब खळ्यावर चालत आले, घोडा मागे ठेवून. हातात ती ओंबी. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पायलीच्या मापाजवळ उभे राहून मुलांना हिशेब घालू लागले. इतकं भात, इतके वाटेकरी, प्रत्येकाला किती. ठकुबाईच्या नातीने मापाला हात न लावता उत्तर सांगितलं. मग त्यांनी तिला वाचायला लावलं, मग बाकीच्यांना. तासभर गेला.

मग बनाबाई पुढे झाल्या. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो, पण त्या माझ्याकडे बघतील तर ना. त्यांनी साहेबांना सांगितलं, की मागल्या येळंला तुमी तसंच माघारी गेलासा, आमी कडीत निरोप ठिवला व्हता. आनि आता ही ओंबी काढून आनलीय ती परत ठिवा, दुसरा पाव्हना आला तर त्याला कसं कळंल आमी कुठं हाव. साहेब म्हणाले, की बरोबर आहे तुमचं. परत जाताना मी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत गेलो. त्यांनी आपल्या हाताने ती ओंबी कडीत पुन्हा खोचली, आणि मगच मला कुलूप काढायला सांगितलं.

शेरेबुकात त्यांनी इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं. काकांसाठी त्याचा मराठी अर्थ देतो: करंजवाडीचे मास्तर शाळेचे तास पाळतात. 'पाळतात'साठी शब्द वापरला आहे 'ऑब्झर्व्ह'. खाली मराठीत हुकूम आहे. लावणी आणि झोडणीच्या हंगामात तासांची बेरीज पुरी करून शाळा दोन वेळा भरवण्यास हरकत नाही. मास्तरांना एक जानेवारीपासून कायम करावे.

साहेब गेल्यावर मी खोलीत एकटाच बसलो आणि मला रडू आलं. अंधार होता हे बरं. मावशी, तुम्ही दोघं नसतात तर मी त्या शब्दाशी भांडत बसलो असतो आणि आज तुमच्या ओसरीवर असतो. लोभ वाढवा म्हणत नाही, आहे तेवढाच मला फेडवत नाही.

तुझा,
आनंद


भोर
ता. ३० नोव्हेंबर १९३४

चि. आनंद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवताना ओंबीपाशी मी वाक्यात मध्येच थांबले, तर हे म्हणाले, पुढे वाच, क्रियापद यायचं आहे. 'ऑब्झर्व्ह' ऐकून मात्र इतके खूश झाले, की मला साखर वाटायला लावली. यांच्या मते हा शब्द फ्लाउटच्या बरोबर समोरच्या घरात राहतो, आणि साहेबांनी तुला रस्ता ओलांडून तिकडे पोहोचवलं. मी पाच घरी साखर दिली आणि सांगितलं, की भाचा कायम झाला. क्रियापदाचं कुणाला सांगितलं नाही.

माळ्याचं लिहीन म्हटलं होतं, ते आज लिहिते. मी या घरात आले तेव्हा चौदा वर्षांची होते. आमच्या मामंजींचा नेम होता, की घरातल्या बाईने पुस्तक हातात धरायचं नाही, आणि इंग्रजी तर नाहीच नाही. यांना मला शिकवायची हौस. मग दुपारी मामंजी झोपले, की मी निवडायचे तांदूळ घेऊन माळ्यावर जायची आणि सुपाखाली यांचं पुस्तक असायचं. अशी मी त्यांचा नेम कितीतरी वर्षं मोडत होते. पण त्यांच्यासमोर कधी ताठ मान करून बोलले नाही, आणि पानात वाढताना माझ्या मनात त्यांच्याविषयी कधी वाकडं आलं नाही. धाब्यावर बसवला म्हणशील तर नाही. आमच्याकडे माळा होता, मी तो माळ्यावर बसवला.

माळ्यावर अंधार असे. तिसऱ्या वर्षी मामंजींनी कौलं शाकारायला माणूस बोलावला आणि त्याच्याकडून एक काचेचं कौल बसवून घेतलं. मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की माळ्यावर धान्याला कसर लागते, उजेड पाहिजे. ते कौल बरोबर माझ्या चटईच्या वर आलं. आनंदा, त्या कौलाखाली धान्याची कणगी कधीच नव्हती. ती पलीकडच्या कोपऱ्यात असे.

मला तेव्हा कळलं नाही. नशीबच चांगलं म्हणून मी वाचत राहिले. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी एकदा कणगी झाडायला गेले आणि तिथे काळोख पाहून हातातली केरसुणी खाली पडली. त्यांनी नेम शेवटपर्यंत बदलला नाही. त्याबद्दल माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. आभार मानायचे राहिले, ते अजून सलतं.

आता मी माजघरात राजरोस वाचते, माळ्यावर कुणी जात नाही. कालच ते कौल उतरवून घेतलं. तुझ्या खोलीवरही आमच्यासारखी मंगलोरीच कौलं आहेत असं तू लिहिलं होतंस, म्हणजे ते बसेल. पेंढ्यात बांधून, बाजाराला आलेल्या रखमाजीच्या हाती देते आहे. जपून बसवा, तेवढं एकच आहे.

आमच्या दोघांचा लोभ त्याच पेंढ्यात गुंडाळला आहे, सोडताना हलक्या हाताने सोड.

तुझी,
मावशी


करंजवाडी
ता. १६ डिसेंबर १९३४

ती. मावशीस व ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कौल न फुटता पोहोचलं. रखमाजीने ते नसरापूरपासून तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून आणलं आणि वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. चिमाजी पाटलांनी स्वतः वर चढून बसवलं. आता खोलीत उन्हाचा एक चौकोन पडतो. मुलांनी पहिल्या दोन दिवसांतच ध्यानात आणलं, की तो माझ्या खुर्चीच्या पायाला लागला की अकरा वाजतात. म्हणजे शाळेला घड्याळही मिळालं. लावणीत ते चालणार नाही, ढग असतील. पण तेव्हा कडीत रोपं असतील.

एक गोष्ट फक्त तुम्हाला लिहितो. ठकुबाई रोज नातीला पोहोचवायला येते. पूर्वी दारातून परत जायची. कौल बसल्यापासून म्हणते, गुडघं दुखत्यात, जरा बसते. बसते ती बरोबर त्या चौकोनात, नातीची जुनी पाटी मांडीवर घेऊन, माझ्याकडे पाठ करून. परवा उठताना पाटी तिथेच विसरली. तीवर आठ-दहा वेळा 'ठ' काढलेला होता, शेवटचे तीन चांगले गोल.

नियमाप्रमाणे शाळा चौदा वर्षांच्या आतल्या मुलांची आहे. मी हजेरीपटात तिचं नाव घातलेलं नाही, तिला काही विचारलेलं नाही, आणि पाटी होती तिथेच ठेवली. काल मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की म्हाताऱ्या माणसांना थंडीत ऊन लागतं, ती जागा मोकळी ठेवा.

ह्याला इंग्रजीत काय म्हणतात ते काकांना विचार. घाई नाही.

लोभ वरून पडतो आहे, तो असाच पडू द्यावा.

तुमचा,
आनंद